उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत

माझ्या जाऊबाईंनी आजवर कुणाला टाकून बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणजे मला बोलतात, पण मी घरातली, मला बोलणं हे बोलण्यात धरत नाहीत. गिऱ्हाइकाशी मात्र त्यांच्या जिभेवर सदा साखर. कुणी पिंपासारखा माणूस दारातून तिरका होऊन आत आला तरी त्या म्हणणार, "या, बसा, किती दिवसांनी," आणि हळूच दोन हातांची खुर्ची बाजूला सारून बिनहाताची पुढे करणार. त्या माणसाला कळतही नाही की आपण अडकायचे वाचलो.

आमचं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. जाऊबाई मापं घेतात, थोरले दीर बेततात आणि कापतात, आमचे हे मशीनवर बसतात. काज, बटणं, हुक, हातशिलाई अशी ज्यांचं श्रेय कुणी देत नाही ती सगळी कामं माझ्याकडे. दुकानाला एक नियम आहे, सासऱ्यांनी घालून दिलेला. माप घेणाऱ्याने कापायचं नाही आणि कापणाऱ्याने मापाला हात लावायचा नाही. जाऊबाईंकडे त्यांची टेप, दिरांकडे त्यांची लोखंडी पट्टी, आणि दोघं पाठीला पाठ लावून उभी. दोघांनी एका कामात हात घातला की चूक कुणाची ते कळत नाही, असं सासरे म्हणायचे. आता ते नाहीत, नाहीतर या नियमाचा काय उजेड पडला ते मी त्यांना बसवून सांगितलं असतं.

दुसरा नियम जाऊबाईंचा स्वतःचा. आमच्या दुकानात आकडा मोठ्याने बोलत नाहीत. जाऊबाई टेप लावतात, आकडा पाटीवर खडूने लिहितात आणि पाटी उपडी करून मागे दिरांकडे सरकवतात. गिऱ्हाइकालासुद्धा दाखवत नाहीत. म्हणून लांबलांबची जाड माणसं बाकीची चार दुकानं ओलांडून आमच्याकडे येतात.

यामागे कारण आहे. लहानपणी जाऊबाईंना घरात 'गोणी' म्हणत. एकदा कुणा शिंप्याने भर दुकानात त्यांच्या कमरेचा आकडा ओरडून सांगितला, आणि सोबतची चुलत भावंडं घरी पोचेपर्यंत तो आकडा ओरडत आली. त्याच दिवशी जेवताना एका काकूने त्यांच्या ताटाकडे बघून "पुरे की आता" म्हटलं. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, डब्यातली बटणं निवडता निवडता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. त्या काकूचा मला अजून राग येतो, आणि मी तिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

तेव्हापासून जाऊबाई ताटावर बसल्या नाहीत. मी या घरात आले त्या पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "जाऊबाई, चला ना जेवायला." त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी मागून जेवते." मला वाटलं, काय ही त्यागमूर्ती. आठवडाभरात कळलं की हे मागून कधी येतच नाही. त्या ओट्याशी उभ्या राहतात आणि तिथे त्यांचं स्वतंत्र राज्य चालतं, त्याचे कायदे वेगळे. उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत. पातेल्यातून थेट खाल्लेलं मोजत नाहीत. मोडकं बिस्किट हे बिस्किट नव्हे. पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवणं ही साफसफाई. आणि चव बघणं हे तर कामच, त्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एकदा मी म्हटलं, "जाऊबाई, भाताची चव तीनदा बघितलीत." तर म्हणाल्या, "पातेलं मोठं आहे."

गंमत अशी की एवढं करूनही त्या उपाशीच असायच्या. एकदा मशीनच्या टेबलाला धरून मटकन खाली बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाहीत का?" त्या म्हणाल्या, "खातेच आहे सकाळपासून." दोन्ही खरं होतं.

आता कात्रीचं सांगते. दुकानात सासऱ्यांच्या वेळची एक लोखंडी कात्री आहे, उचलायला दोन हात लागतात अशी. दीर ती कापडाला वापरत नाहीत, पण घरात प्रत्येकाला ती हवी असते. कुणाला पुठ्ठा कापायचा, कुणाला डब्याचं झाकण उचकटायचं, आणि काम झालं की कात्री जागेवर नाही. जाऊबाईंनी नामी तोड काढली. दुकान बंद झालं की टेप खिळ्याला लटकवायची आणि टेपेच्या खालच्या टोकाला कात्री बांधायची. जाऊबाईंच्या टेपेला हात लावायची घरात कुणाची छाती नाही, म्हणजे कात्री आपोआप सुरक्षित. खरोखर कात्री हरवायची थांबली. दिरांनी चारचौघांत बायकोचं कौतुक केलं, आणि ते तसं कधी करत नाहीत.

त्यानंतर हळूहळू आमची गल्ली जाड व्हायला लागली.

आधी पोस्टमन आले, नव्या पँटीचं बटण हातात घेऊन. मग शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांचा कोट पुढे मिटेना. मग औषधांच्या दुकानातले काका, मग केकवाले. शिवणीत आम्ही माया, म्हणजे आतलं जादा कापड, भरपूर सोडतो, त्यामुळे उसवून सैल करून देता यायचं. जाऊबाई प्रत्येकाला म्हणायच्या, "कापड आटलं असेल हो." पण माणसाला स्वतःविषयी वाईट ऐकायची सवय झाली की चांगलं पटत नाही. पोस्टमनांनी एकदा भीत भीत विचारलं, "मापात काही गडबड तर नसेल?" तर मागून दीर वळून न बघता म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." पोस्टमन बिचारे खाली मान घालून गेले.

मग डाएट सुरू झालं, आणि ते गोवरासारखं घरोघरी पसरलं. औषधांच्या दुकानातले काका गरम पाण्यावर राहिले आणि गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. पोस्टमन धावत टपाल वाटायला लागले, त्यामुळे पत्रं लवकर यायची पण घामाने ओली. मुख्याध्यापिकांनी शाळेत गोड आणायला बंदी घातली. केकवाल्यांचे केक पडून राहायला लागले. टाकवत नाहीत म्हणून ते स्वतःच खाऊ लागले. त्यामुळे आख्ख्या गल्लीत खरोखर जाड झालेला माणूस एकच, आणि तो सोडून बाकी सगळे उपास करत होते.

जाऊबाई मात्र बुचकळ्यात. त्यांच्या पाटीवरचे आकडे दिवसेंदिवस लहान होत होते आणि कपडे घट्ट. पुष्कळ विचार करून त्यांनी शोध लावला, की माप देताना लोक पोट आत ओढतात. झालं. मग त्या गिऱ्हाइकाला बेसावध पकडायला लागल्या. टेप कमरेभोवती धरून ठेवायची आणि मधेच विचारायचं, "तुमच्या सासूबाई राहायला येताहेत म्हणे?" गिऱ्हाईक "कोण म्हणालं?" म्हणून सुस्कारा टाकतं न टाकतं तोच टेप बघून घ्यायची. एका सद्गृहस्थांची सासू वारून चार वर्षं झाली होती, ते खुर्चीत बसले.

स्वतःचं मापही त्यांनी तसंच घेतलं. आकडा लहान आला आणि झगा घट्ट झाला. त्या मला म्हणाल्या, "बघ, मी स्वतःशीसुद्धा खोटं बोलते. माझ्या अंगात लबाडी आहे." हे त्या हसत म्हणाल्या नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मधे आली बबडी. बबडी म्हणजे जाऊबाईंची मुलगी, नववीतली. गोल चेहरा, गोल आवाज, शाळेच्या गाण्याच्या चमूत पुढच्या रांगेत. चमूसाठी निळा ड्रेस शिवायचा होता. जाऊबाईंनी माप घेतलं, दिरांनी कापला, ह्यांनी शिवला, मी आठ हुक लावले. बबडीने घातला आणि पाठीची चेन अर्ध्यावर अडकली. मी गुडघा टेकवून ओढली तरी हलेना.

"कापड आटलं असेल," जाऊबाई म्हणाल्या.

"आई, नवं कापड आहे. अजून पाण्यातसुद्धा गेलेलं नाही."

 दिरांनी तोंड उघडलं होतं, अंगण वाकडं म्हणायला, मी डोळे वटारले तेव्हा मिटलं.

त्या संध्याकाळी बबडीला भूक नव्हती. दुसऱ्या संध्याकाळीही नव्हती. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे टेबलाशी बसलो होतो, मी हाक मारली, "बबडे, ये ग." ती ओट्याशी उभी होती. एका हाताने कपाट धरून काकडी खात होती. म्हणाली, "तुम्ही बसा काकू, मी मागून जेवते."

तिच्या शेजारी, त्याच ओट्याशी, जाऊबाई उभ्या होत्या, हातात भाताचा चमचा. तो चमचा तोंडाशी गेलाच नाही. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण त्यांचा तसा चेहरा पाहिला नव्हता. आरशात बघितल्यावर माणूस घाबरत नाही, पण आरसा बोलायला लागला तर घाबरेल की.

दुसऱ्याच दिवशी त्या बबडीला घेऊन बोलणाऱ्या बाईंकडे गेल्या. औषधांच्या दुकानाच्या वर एक बाई नव्याने आल्या होत्या, खाण्याशी आणि स्वतःच्या अंगाशी ज्यांचं बिनसलंय अशा माणसांशी त्या बोलतात. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बोलायचं. आमच्या गल्लीत असल्या कामाचं हसूच झालं असतं, पण तेव्हा सगळेच उपाशी होते, हसायचं त्राण कुणाला. मी सोबतीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले.

बाईंनी बबडीशी गप्पा मारल्या, गाण्याच्या, शाळेच्या. मग जाऊबाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही कधी जेवता?"

"मी मागून."

"कुणाच्या मागून?"

 "ओट्याबरोबर जेवतात त्या," मी म्हटलं. जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेरची कबुतरं बघायला लागले.

"मी माझ्यासाठी नाही आले," जाऊबाई म्हणाल्या. "मुलीला काहीतरी सांगा."

"सांगते. पण या वयात मुली ऐकत नाहीत, बघतात," बाई म्हणाल्या. त्यांनी घरी करायला दोन गोष्टी दिल्या, आणि दोन्ही जाऊबाईंना. रोज एकदा बबडीसमोर खुर्चीवर बसून, ताट वाढून घेऊन जेवायचं. आणि झोपताना शरीराच्या एका भागाचे आभार मानायचे. "अंगाशी मैत्रिणीशी बोलतो तसं बोला."

"मैत्रिणींशी मी भांडते," जाऊबाई म्हणाल्या आणि उठल्या.

घरी त्यांनी काय काय सोंगं केली, काय सांगू. पहिल्या दिवशी बसल्या, ताटात एक बटाटा. तो त्यांनी ताटभर फिरवून आणला आणि "अग बाई, दूध" म्हणून उठल्या. दूध थंड होतं, शेगडी बंद होती. दुसऱ्या दिवशी दुकानातलं उंच स्टूल आणलं, ज्याच्यावर गिऱ्हाइकाला उभं करून आम्ही खालची पट्टी दुमडतो ते. त्याला टेकून म्हणाल्या, "हे बसणंच आहे." तिसऱ्या दिवशी खरोखर खुर्चीवर बसल्या, पण मांडीवर उसवायला कोट घेऊन. एका हाताने कोट उसवत होत्या आणि दुसऱ्याने काही खात नव्हत्या. बबडी हे सगळं बघत होती आणि काकडी खात होती.

आभारांचं त्यातल्या त्यात बरं चाललं होतं. आमच्या दोन खोल्यांमधे भिंत म्हणून नुसती फळी आहे, त्यामुळे ऐकायला यायचं.

"गुडघ्यांनो, तुमची आभारी आहे."

"कुणाशी बोलतेस?" दिरांचा झोपाळू आवाज.

"गुडघ्यांशी."

"काय म्हणतात?"

"दुखताहेत."

मग डोळे झाले, हात झाले, कान झाले. दिरांनीही एकदा अंगठ्याचे आभार मानले. खांदे दोनदा झाले. पोटाची पाळी मात्र येईना. मला वाटतं त्या पोटाला वगळून नखांपर्यंत जाऊन आल्या.

इकडे बबडीचे गाल आत जायला लागले होते. गाण्याच्या तालमीत तिला मधेच खाली बसावं लागलं, असा शाळेतून निरोप आला. जाऊबाईंनी तो ऐकला आणि त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी केली नाही. मला भीती वाटत होती. चेष्टा करणाऱ्या माणसाला भीती वाटली की त्याला काय करावं ते सुचत नाही, मी उगाच एका शर्टाला एक काज जास्त केलं.

आणि एका दुपारी बोलणाऱ्या बाई दुकानात आल्या. आल्या म्हणजे भिंतीला पाठ लावून खेकड्यासारख्या आडव्या सरकत आल्या, फाईल पाठीमागे धरून. पडद्याआड गेल्यावर उलगडा झाला. बाई केकवाल्यांना समजावत होत्या की शरीर हा आपला शत्रू नव्हे, तेवढ्यात पेन खाली पडलं. उचलायला वाकल्या आणि पँट मागून टरकली. केकवाले सभ्य माणूस. ते छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, छत छान आहे.

पँट आमच्याकडचीच होती. मी त्यांना कुणाचातरी अर्धा शिवलेला स्कर्ट नेसायला दिला, ठिकठिकाणी टाचण्या लावलेला. त्यात बसता येत नव्हतं, म्हणून त्या उभ्याच राहिल्या आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी लोकांना शिकवते, अंगाशी मायेने वागा. आणि स्वतः तीन आठवडे संध्याकाळी जेवत नाहीये. पँटी घट्ट झाल्या म्हणून. कुणाला सांगू नका."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच माणसासारखं बघितलं. त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं आणि मग मऊ आवाजात म्हणाल्या, "माप देताना पोट आत ओढलं असेल तुम्ही. सगळेच ओढतात."

"मी नाही ओढत," बाई म्हणाल्या. "श्वास सोडून उभं राहायचं, हे तर मी दिवसभर शिकवते. माझं तेवढं एक पक्कं आहे."

जाऊबाईंच्या शोधाला तिथे सुरुंग लागला. त्यांनी ती टरकलेली पँट उचलली आणि पडदा सारून दिरांपुढे टाकली. "तुमचं कापणं चुकतंय."

दिरांनी जपून ठेवलेली बाईंच्या मापाची पाटी काढली, पँटीवर लोखंडी पट्टी लावली. "पाटीवर जे आहे तेच इथे आहे. तुझं माप चुकतंय."

"माझं माप चुकत नाही."

"माझं कापणं चुकत नाही."

अशी ती दोघं सासऱ्यांचा नियम पाळत बराच वेळ भांडली. शेवटी जाऊबाईंनी गळ्यातली टेप काढून दिरांच्या टेबलावर आपटली. "घ्या, तुम्हीच घ्या मापं." टेप पडली ती नेमकी लोखंडी पट्टीला लागून. दिरांनी ती उचलायला हात घातला आणि हात तिथेच राहिला. त्यांनी टेप पट्टीला लावून सरळ केली. पट्टी संपली तिथे टेपेवर दीड इंच कमी दिसत होता.

 आमचे हे मशीनवर असतात, ते सहसा बोलतच नाहीत, त्यांचा वर्षाचा साठा तेव्हा बाहेर आला. "कात्री," ते म्हणाले. "रोज लटकते ना तिला. ताणली."

म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं. ताणलेल्या टेपेने माप कमी भरायचं, दीर इमानाने तेवढंच कापायचे, आणि वड्याचं तेल वांग्यावर, बोल सगळा पोटाला.

मी ही बातमी गल्लीत पोचवली. पसरवली असं ह्यांचं म्हणणं आहे, पण उपाशी लोकांना बातमी सांगणं हे पुण्य आहे. घटकाभरात दुकान भरलं. पोस्टमन टपालाची पिशवी घेऊनच आले. केकवाल्यांनी दोन ट्रे भरून केक आणि पाव आणले आणि एवढ्या दिवसांनी दुसऱ्याला खाताना बघून ते हुंदके द्यायला लागले. मुख्याध्यापिका हातात केक घेऊन म्हणाल्या, "म्हणजे मी जाड झालेच नव्हते." औषधांच्या दुकानातल्या काकांनी सगळ्यांची माफी मागितली, नेमकी कशाची ते कुणी विचारलं नाही. जाऊबाई प्रत्येकाला "चुकलं हो माझं" म्हणत होत्या आणि प्रत्येकजण त्यांना मिठी मारत होता. बबडीलाही मी केकचा तुकडा दिला. तिने एक घास घेतला. मी तो घास खाली उतरेपर्यंत बघत राहिले.

मग मुख्याध्यापिकांना दुर्बुद्धी सुचली. "नव्या टेपेने माझं खरं माप घ्या बघू."

ह्यांनी धावत जाऊन नवी टेप आणली. जाऊबाईंनी माप घेतलं, त्यांच्या पाटीवर जुन्या आकड्याखाली लिहिलं आणि पाटी उपडी करताना थांबल्या. मुख्याध्यापिकांनी ती हिसकावली. नवा आकडा वरच्या जुन्या आकड्याहून मोठा होता. बरोबरच होतं. जुनी टेप कमी दाखवत होती, म्हणजे खरी जास्तच दाखवणार. हे आनंदाच्या भरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

 हातातले केक हळूहळू ट्रेकडे परत निघाले.

पोस्टमन विचार करून म्हणाले, "थांबा. सकाळी मी जाड होतो. मग टेप वाईट निघाली म्हणून बारीक झालो. आता टेप चांगली आली म्हणून परत जाड. आणि या सगळ्यात मी नुसता इथे उभा आहे."

बोलणाऱ्या बाईंचं सगळं शिक्षण त्या क्षणासाठी झालं होतं, पण त्यांच्या तोंडात केक होता. त्यांनी हात हलवून पोस्टमनांकडे बोट दाखवलं आणि जोरजोरात मान डोलावली. आधी केकवाले हसले, मग मुख्याध्यापिकाही हसल्या, हसता हसता त्यांच्या कोटाचं बटण तुटून दिरांच्या कपाळाला लागलं, आणि मग कुणाचंच हसू आवरेना. पाटी कुणीतरी पुसून टाकली. केक संपले.

पण मी बबडीला शोधत होते. ती पडद्याआड उभी होती, नवी टेप कमरेभोवती धरून.

"काकू, माझाही आकडा पाटीवरच्यापेक्षा वाढलाय," ती म्हणाली. "म्हणजे मी आहेच जाड." बाहेर सगळे हसत होते. तिने टेप नीट गुंडाळून ठेवली, उरलेला केक बशीत परत ठेवला आणि आत गेली.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या गिऱ्हाइकांना तसंच सोडून आत गेल्या. मी गेले, दीर आले, हे आले, आणि टाचण्यांच्या स्कर्टात बोलणाऱ्या बाई पाठोपाठ.

बबडी ओट्याशी होती. काकडी चिरत होती.

 जाऊबाईंनी फळीवरून मोठं ताट काढलं. त्यात भात वाढला, लहान मुलाला वाढतात तसा नाही, भरपूर. बटाट्याची भाजी वाढली. दोन अंडी घेतली. पावाचा जाड तुकडा घेऊन त्याला लोणी लावलं, कडेपर्यंत. आम्ही सगळे दारात दाटीने उभे होतो. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. पूर्ण बसल्या, पाठ टेकून. चमचा ताटावर वाजत होता. मग त्यांनी एक घास घेतला, चावला, गिळला, आणि दुसरा घेतला.

"मला भूक लागलीये," त्या म्हणाल्या. "खूप वर्षं लागलीये."

बबडी सुरी धरून बघत होती. "आई, तू रडतेयस."

"रडतेय आणि जेवतेय. दोन्ही जमतंय."

त्या जेवत राहिल्या. घाईने नाही, चोरून नाही. नाक पुसलं, पाव खाल्ला. मला इतकं बरं वाटत होतं की मी दिरांचा दंड दाबून धरला होता, नंतर कळलं. बोलणाऱ्या बाईंनी एक शब्द काढला नाही, आणि मला वाटतं तेच त्यांचं सगळ्यात चांगलं बोलणं होतं.

बबडी हळूहळू टेबलाशी आली. समोरच्या खुर्चीवर टेकली. 

"तुझ्यातला एक बटाटा घेऊ?"

जाऊबाईंनी डाव्या हाताने ताट जरासं आपल्याकडे ओढलं. जन्मभर दुसऱ्यांच्या ताटातलं उरलेलं खाल्लेली बाई ती.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझं वेगळं वाढून घे. हे माझं आहे."

बबडी उठली आणि तिने आपलं ताट घेतलं.